धुराने डेंग्यू जात नाही

दर पावसाळ्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर थोड्याफार फरकाने फिरतो. त्याचं म्हणणं असं: पालिका दर आठवड्याला धूर मारत नाही म्हणून डेंग्यू वाढतो, हा डास नाल्यात आणि कचऱ्यात होतो, आपल्या स्वच्छ घरात नाही, टाकीत फिनाइल किंवा तुरटी टाकली की काम झालं, आणि घरात अळी सापडली म्हणून नोटीस देणं ही निव्वळ दादागिरी. हे वाचून माणसं धुराच्या गाडीची वाट बघत बसतात आणि तेवढ्या दिवसांत खिडकीतल्या मनीप्लांटच्या बाटलीतून डासांची एक पिढी उडून जाते. म्हणून यातलं एकेक विधान तपासणं गरजेचं आहे.

«दर आठवड्याला धूर मारा, डेंग्यू संपेल»

धूरयंत्रात कीटकनाशक डिझेलमध्ये मिसळून तापवतात आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत सोडतात. थेंब उडत्या डासाच्या अंगाला लागला तरच डास मरतो. धूर विरला की औषधाचा परिणामही सरला. साठलेल्या पाण्यातल्या अंड्यांना, अळ्यांना, कोषांना त्याने काही होत नाही. आपल्या पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे कोणत्याही दिवशी धूर मारला तरी दुसऱ्या दिवशी कोषातून नवे डास बाहेर येतातच.

दुसरी अडचण वेळेची. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी दिवसा चावते, विशेषतः सकाळी उजाडल्यानंतरचे आणि सूर्यास्ताआधीचे एक-दोन तास. एरवी ती घरातच बसलेली असते: पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत, कपाटामागच्या अंधारात. गाडी अंधार पडल्यावर रस्त्याने जाते तेव्हा बाहेर उडत असतो तो क्युलेक्स, गटारात वाढणारा आणि रात्री चावणारा. धुरानंतर दोन रात्री डास कमी वाटतात ते यामुळे. डेंग्यूचा डास मात्र जिथल्या तिथे असतो. त्यात धूर आला की आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे जो डास मारायचा त्यालाच आसरा देतो. बाहेरून धूर मारत असतील तर खिडक्या-दारं उघडी ठेवायची, अन्नपाणी आणि माशांची टाकी झाकायची, दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना आधीच दुसरीकडे न्यायचं.

धुराचा उपयोग नाही असं मुळीच नाही. डेंग्यूचा रुग्ण सापडला की त्याच्या आणि आसपासच्या घरांत विषाणू घेऊन बसलेल्या माद्या लवकर मारायच्या असतात. त्यासाठी घराच्या आत फवारणी होते: २ टक्के पायरेथ्रमचा अर्क १ भाग, रॉकेल १९ भाग. अशा वेळी आधी गॅस आणि देवापुढचा दिवा विझवायचा, खिडक्या बंद करायच्या, सगळ्यांनी बाहेर थांबायचं, अर्ध्या तासाने सगळं उघडून हवा खेळू द्यायची. मात्र ही फवारणी झाली तरी त्याच दिवशी पाण्याची भांडी तपासली नाहीत, तर आठवड्याभरात तितकेच डास पुन्हा तयार होतात.

«डास नाल्यात होतो, आमच्या घरात नाही»

क्युलेक्ससाठी हे खरं, एडिससाठी नाही. एडिसला साठलेलं, बरंचसं स्वच्छ पाणी लागतं आणि तेही थोडंच. फ्रिजमागचा ट्रे, एसीचं पाणी जमणारं भांडं, कुंडीखालची ताटली, पक्ष्यांसाठी ठेवलेला वाडगा, गच्चीवरच्या निळ्या ताडपत्रीचा खोलगट भाग, टायर, करवंट्या, बांधकामाच्या परांचीतल्या बांबूंची उघडी टोकं, लिफ्टचा खड्डा, न वापरल्या जाणाऱ्या संडासाची फ्लश टाकी. हा डास फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा शेदीडशे मीटरच्या आतच राहतो. तुम्हाला चावलेला डास तुमच्याच इमारतीत किंवा शेजारी वाढलेला असण्याची शक्यता जास्त.

मुंबईला हे नवं नाही. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये शहरातल्या हिवतापाची पाहणी करून अहवाल दिला, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते घरांच्या आवारातल्या विहिरींवर. हिवतापाचा शहरी डास, अॅनोफिलीस स्टीफन्सी, आजही उघड्या पाण्याच्या टाक्यांत वाढतो.

«पाणी ओतून दिलं की झालं»

मूळ मजकुरात हे वाक्य नसतं, पण त्याखालच्या उत्तरांत हमखास येतं, आणि सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. भांडं कोरडं पडलं तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करण्याचा दिवस, हे नुसतं रिकामं करणं नव्हे. पिंप रिकामं करायचं, आतली भिंत वरपासून काथ्याने किंवा ब्रशने जोर लावून घासायची, धुवायचं, उन्हात वाळवायचं, मगच भरायचं. अळ्यांचं पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतायचं. हे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. दहा दिवसांनी केलं तर एखादी पिढी उडून गेलेली असते.

पिंपावर कापड बांधत असाल तर ते ताणून बांधा. सैल कापड मध्ये झोळ घेऊन पाण्याला टेकतं आणि त्या ओल्या झोळावरच मादी अंडी घालते. टाकीचं झाकण घट्ट असूनही अळ्या सापडतात, तेव्हा बहुधा ओव्हरफ्लोच्या किंवा हवेच्या पाइपाचं तोंड उघडं असतं. त्यावर मच्छरदाणीइतकी बारीक जाळी तारेने आवळून बसवा. तपासताना बॅटरीचा उजेड टाकून एक-दोन मिनिटं स्थिर थांबा. सावली पडली की अळ्या तळाशी जातात, श्वासासाठी थोड्या वेळाने वर येतात. घाईने डोकावणाऱ्याला टाकी स्वच्छच दिसते.

«फिनाइल, तुरटी टाका»

फिनाइल पिण्याच्या किंवा वापराच्या पाण्यात टाकायची वस्तू नाही. तुरटीने गाळ बसतो, अळी मरत नाही. पिण्याच्या पाण्यात चालतं तेवढं क्लोरीनही अळीला पुरत नाही. रिकामी करता येत नाही अशा टाकीसाठी टेमेफॉस हे अळ्या मारणारं औषध आहे, ज्याला सगळे अबेट म्हणतात: १ टक्का दाणेदार औषध १०० लिटरला १० ग्रॅम. ते आरोग्य कर्मचाऱ्याकडूनच टाकून घ्या. कारंजी, वापरात नसलेल्या विहिरी, हौद यांत गप्पी मासे सोडा.

«नोटीस म्हणजे दादागिरी»

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३८१ब खाली डासोत्पत्ती रोखण्यासाठी घरमालक, सोसायटी, विकासक यांना नोटीस देता येते आणि दुर्लक्ष झालं तर खटला होऊ शकतो. एका गच्चीवरच्या पिंपाचा त्रास शेजारच्या चार इमारतींना होतो, म्हणून ही तरतूद योग्यच आहे. तीच कसोटी सरकारी आवारांना, रस्त्यालगत सडणाऱ्या बेवारस गाड्यांना लागली पाहिजे, आणि पाणी रोज येत नाही म्हणून पिंपं भरून ठेवणाऱ्या वस्तीला नुसती नोटीस देऊन भागणार नाही, घट्ट झाकणं आणि नियमित पाणीही द्यावं लागेल. ही मागणी रास्त आहे आणि ती जोरात करा.

तक्रार करताना मात्र «धूर मारा» असं लिहू नका. मुंबईत पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर किंवा विभाग कार्यालयाच्या कीटकनाशक विभागाकडे, इतरत्र पालिकेच्या आरोग्य विभागाकडे, कंटेनर सर्वेक्षणाची, म्हणजे पाणी साठणाऱ्या भांड्यांत अळ्या आहेत का याच्या तपासणीची, मागणी करा. नेमकी जागा, कोणत्या वस्तूत पाणी साठलंय, अळ्या दिसतात का, तारखेसह फोटो, आणि इमारतीत डेंग्यूचा रुग्ण असेल तर ती माहिती द्या. कर्मचारी आले की गच्चीच्या, पंपरूमच्या आणि बंद घरांच्या चाव्या घेऊन कुणीतरी सोबत फिरा. कुलूप लावलेल्या जागा तपासणीतून सुटतात.