जरा दाखवायचं होतं, जरा न्यायचं होतं

डॉक्टरकी शिकणाऱ्या माणसाने पिकअप घेऊ नये. दोन्हींपैकी काहीतरी एकच करावं. डॉक्टर म्हटलं की लोकांना ‘जरा दाखवायचं’ असतं आणि पिकअप म्हटलं की ‘जरा न्यायचं’ असतं. माझ्याकडे दोन्ही असल्यामुळे लोक एका फोनमध्ये दोन्ही कामं उरकतात. आधी कंबर कशी धरली आहे ते सांगतात. कशाने धरली विचारलं तर म्हणतात, कपाट हलवताना. मग म्हणतात, तेच कपाट रविवारी न्यायचंय, गाडी मोकळी आहे ना?

फोर्डने १९२५ साली मॉडेल टीला कारखान्यातच मागे हौदा बसवून गाडी विकायला काढली. तेव्हापासून जगातला प्रत्येक पिकअपवाला दुसऱ्याचं कपाट वाहतोय, असा माझा दाट संशय आहे.

माझी पिकअप जुनी, सिंगल केबिनची, डिझेलवर चालणारी. मी तिची दुसरी मालकीण. ड्रायव्हरकडचं दार आतून उघडत नाही. काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि स्वतःला बाहेरून सोडवायचं. फाळक्याला एक पोचा आहे, तो माझा नाही (असं मी सांगते). नवऱ्याला वाटतं मी ती हौसेपोटी घेतली. खरं सांगू? वॉर्डात दिवसातून वीसदा मला कुणी ना कुणी ‘ओ सिस्टर’ अशी हाक मारतं. पिकअप मारत नाही. अर्थात गाडी घेऊन पहिल्यांदा हॉस्पिटलला गेले तेव्हा गेटवरच्या माणसाने आत डोकावून विचारलं, ‘ड्रायव्हर कुठाय?’ मीच आहे म्हटल्यावर त्याने मला मागच्या गेटकडे पिटाळलं. ‘सिलिंडर तिकडे उतरतात.’ ॲप्रन दाखवेपर्यंत मी सिलिंडरवाली होते.

आम्हाला रेसिडेंट म्हणतात ते उगाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी ही पद्धत बसवली. शिकाऊ डॉक्टरने हॉस्पिटलातच राहायचं, अक्षरशः रहिवासी. या हॉल्स्टेडसाहेबांना स्वतःला कोकेनचं व्यसन होतं, आणि ते कळल्यापासून आमच्या ड्युटीच्या तक्त्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहते. आम्ही बिचारे कॉफीवर.

तर गोष्ट बॅटरीची आहे. दोन महिन्यांत चार वेळा ती उतरली. ड्युटी संपवून, पाय ओढत पार्किंगला यायचं, किल्ली फिरवायची, आणि सेल्फचा तो आवाज: टक्. टक्. टक्. मॉनिटरची रेष सपाट झाल्यावर नातेवाईक आपल्याकडे बघतात ना, तसं मी डॅशबोर्डकडे बघायची. पहिल्यांदा दोन वॉर्डबॉय आणि एका इंटर्नने धक्का मारून दिला. दुसऱ्यांदा इंटर्न मला येताना बघून जिन्याकडे वळला.

नवऱ्याला फोन गेला की तो आधी विचारायचा, ‘तू ठीक आहेस ना?’ चौथ्या वेळी त्याने विचारलं, ‘पुन्हा ती?’ घरात पिकअपला ‘ती’च म्हणतात. त्यात सवतीचा सूर किती, हे मी कधी खोलात जाऊन पाहिलं नाही. सहा आठवड्यांत त्याच्याबरोबरचे तीन बेत ड्युटीमुळे फसले होते आणि एक बेत तिच्यामुळे. तीन माफ झाले. एकाची आठवण अजून निघते.

मग मी केस हातात घेतली. बारा व्होल्टची म्हणतात त्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकात दोन व्होल्टला थोडं वर. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ दाखवते. माझी ११.४ वर होती, म्हणजे शुद्ध हरपलेली. गॅरेजमध्ये चार्ज करून इंजिन सुरू केलं, अल्टरनेटर चौदाच्या वर व्होल्ट देत होता, म्हणजे चार्जिंग ठणठणीत. मग गाडी बंद असताना कुठे करंट गळतोय का ते पाहायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी नवऱ्याबरोबर बाहेर जायचं होतं त्या दिवशी, बोनेट उघडून मल्टिमीटर लावला. एकेक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत लावायचा. तीन तास. बंद गाडीने पन्नासेक मिलिअँपिअरच्या आत राहावं असं म्हणतात. माझी तीसवर निवांत होती. काही म्हणजे काही सापडलं नाही. दाखवायला आणलं की दुखायचं थांबतं, हा आजार पेशंटलाच होतो असं मला तोवर वाटत होतं.

गॅरेजवाल्या दादांनी हात पुसत पुसत विचारलं, ‘मॅडम, गाडी उभी असताना आत काही चालू राहतं का? लाइट, टेप, चार्जर?’

‘छे! काहीच नाही.’

‘आत बसता का गाडी बंद करून?’

‘मी? मला बसायला वेळ कुठाय?’

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. ‘दारू वगैरे?’ ‘छे, कधीतरी’, या संवादानंतर मी असंच पाहते.

आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकून घेतात की हिस्टरी, म्हणजे पेशंटची हकीकत, नीट घ्या, निम्मं काम तिथेच होतं. निम्म्याहून जास्तच. १९७५ साली ब्रिटनमध्ये ओपीडीतल्या ८० नव्या पेशंटवर एक अभ्यास झाला. त्यातल्या ६६ जणांचं निदान रेफरल चिठ्ठी वाचून आणि हिस्टरी घेऊन झालं तेवढ्यावरच बरोबर निघालं. तपासण्यांनी त्यात फार भर पडली नाही. हे मी तोंडी परीक्षेत धडाधडा सांगितलंय, शाबासकी मिळवलीय. मात्र पेशंट खोटं बोलत असेल तर नातेवाईकांना बाजूला घेऊन विचारावं, हाही त्याच धड्याचा पुढचा भाग. आणि माझ्या पेशंटचा नातेवाईक पार्किंगच्या खुर्चीवर बसलेला असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पाचव्यांदा बॅटरी उतरली तेव्हा नवरा त्याची छोटी गाडी आणि जंपर केबल घेऊन आला. रात्रीचे साडेनऊ. मी बोनेट उघडलं. लाल चिमटा आधी माझ्या बॅटरीच्या प्लसला, मग त्याच्या प्लसला. काळा त्याच्या मायनसला आणि दुसरं टोक माझ्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. छोट्या गाडीने मोठीला रक्त द्यायचं होतं. क्रॉसमॅच करायची गरज नव्हती, दोघींचा ग्रुप बारा व्होल्ट.

‘कशामुळे होतं काय माहीत,’ मी म्हटलं.

वॉचमनकाका टॉर्च धरून उभे होते. ते सहज म्हणाले, ‘लाइट ऱ्हातोय की आतला.’

‘कुठला लाइट?’ नवरा.

‘तो काय वरचा. मॅडम बसतात ना रोज आत वाचत. कधी अर्धा तास, कधी पाऊण. मग फोन वाजला की तशाच पळतात वार्डात. दिवा दोन-दोन दिवस चालूच. मला वाटलं, आभ्यासाचा असंल, कशाला बंद करा.’

दहा वॉटचा दिवा. करंट पाऊण अँपिअरहून किंचित जास्त. दोन दिवसांच्या ड्युटीत सत्तर अँपिअर-अवरच्या बॅटरीतले चाळीस गेले, हा हिशोब मी त्या क्षणी मनातल्या मनात केला, कारण नवऱ्याकडे बघण्यापेक्षा तो सोपा होता.

‘अर्धा तास?’ तो म्हणाला.

आता काय सांगायचं? राऊंड संपतो सात वाजता. मी ‘निघतेच आहे’ असा मेसेज टाकते आणि केबिनमध्ये येऊन बसते. तिथे कुणाला काही दाखवायचं नसतं, कुठे काही न्यायचं नसतं. मांडीवर नोट्स उघडते. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हातडोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा ढासळतो, असा निष्कर्ष १९९७ साली ‘नेचर’मध्ये छापून आलाय, तेव्हा गाडी चालवण्याआधी जरा बसणं शास्त्रोक्तच आहे. हे सगळं मी त्याला मुद्देसूद सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि किल्ली फिरवायला सांगितली.

ती एका फटक्यात सुरू झाली. केबल काढताना काका म्हणाले, ‘आता अर्धा तास बंद करू नका हां, चार्ज होऊ द्या.’

त्यामुळे आम्ही दोघं केबिनमध्ये बसलो. एवढा वेळ आम्ही सलग शेजारी शेजारी बसल्याला किती दिवस झाले होते, हे दोघांपैकी कुणी काढलं नाही. त्याने डॅशबोर्डवरची माझी वही उचलली, वरचा दिवा लावला आणि पानं चाळली.

‘हे पान तू कधीपासून वाचतेयस?’

‘का?’

‘शाई पसरलीय. तुझा गाल उमटलाय यावर.’

मी वही ओढून घेतली. तो हसला नाही, पण खिडकीकडे वळून बसला आणि त्याचे खांदे हलत होते. इंजिन घरघरत राहिलं. थोड्या वेळाने माझं डोकं त्याच्या खांद्याला कधी टेकलं ते कळलं नाही. फोन वाजला तेव्हा जाग आली, पण डोळे उघडायचा धीर होईना. वॉर्ड असणार. पण वॉर्ड नव्हता, मामेबहीण होती. स्पीकरवर तिचा खणखणीत आवाज आला, ‘अगं, ते कपाट राहिलंच ना! उद्या गाडी मोकळी आहे का?’

‘नाही,’ नवरा म्हणाला, आणि हात वर करून दिवा बंद केला. ‘गाडी ॲडमिट आहे.’

‘अय्या! आणि ताई?’

‘तिच्याच शेजारच्या बेडवर.’