जेरॉय सायमनच्या १६,३५२ यार्डांमागचा रनअप

कॅनेडियन फुटबॉलला ‘एनएफएलची (अमेरिकेतल्या फुटबॉल लीगची) दुय्यम आवृत्ती’ म्हणणाऱ्यांनी एकदा फक्त तिथल्या स्लॉटबॅकचे, म्हणजे आतल्या बाजूने पळून पास झेलणाऱ्या खेळाडूचे, पाय बघावेत. चेंडू खेळात येण्याआधीच तो पळत सुटलेला असतो. अमेरिकेत स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या, क्षणी एकाच खेळाडूला हलता येतं, तेही चेंडू ठेवलेला असतो त्या रेषेकडे नाही. कॅनडात क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) सोडून मागच्या फळीतला कुणीही कुठेही पळू शकतो, थेट रेषेच्या दिशेनेसुद्धा. याला ‘वॅगल’ म्हणतात. टोकाचे दोन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे) रेषेवर उभे राहतात, त्यांना ही मुभा नाही. ती आतल्या स्लॉटबॅकला आहे, आणि कॅनेडियन लीगमध्ये झेलांतून १६,३५२ यार्ड मिळवणारा जेरॉय सायमन स्लॉटबॅक होता.

आपल्याला हे सहज कळेल, कारण हा वेगवान गोलंदाजाचा रनअपच आहे. दहा-बारा यार्ड मागून सुरुवात करायची आणि चेंडू हलेल त्या क्षणी रेषेच्या जेमतेम अलीकडे, पूर्ण वेगात असायचं. रेषा आधी ओलांडली तर ऑफसाइड, ५ यार्डांचा दंड. या दंडाच्या धास्तीनेच बहुतेक नवे रिसीव्हर चुकतात: शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाकतात. वेग मेला की समोरचा हाफबॅक (त्याला अडवणारा बचावपटू) निवांत होतो, कारण त्याला उलट्या पावली पळायची घाई उरत नाही. हिशोब सुरुवातीला चुकवायचा, शेवटी नाही. अर्धं पाऊल उशिरा निघा, किंवा आधी थोडं आडवं पळून मग वळसा घेत रेषेकडे या. वेळ जातो, वेग जात नाही. आणि नजर चेंडूवर ठेवा. प्रेक्षकांच्या गोंगाटात क्वार्टरबॅकच्या हाकेवर विसंबलं की फसगत ठरलेली.

दुसरी गोष्ट तीन डाउनची, म्हणजे १० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या तीन प्रयत्नांची. तिसऱ्या डाउनला बहुतेक वेळा पंटच मारतात (लाथेने चेंडू लांब देऊन टाकतात), म्हणजे १० यार्डांसाठी हातात खऱ्या अर्थाने दोनच संधी. दुसऱ्या डाउनला ८ यार्ड हवे असताना ६ यार्डांवर वळून सुंदर झेल घेतला आणि तिथेच टॅकल झालात (पाडले गेलात), तर तो झेल वाया. आधी खुणेच्या पुढे जायचं, मग वळायचं. मैदान ६५ यार्ड रुंद (एनएफएलचं ५३ आणि वर थोडं), त्यामुळे लांबच्या बाजूला फेकलेला चेंडू हवेत जास्त वेळ राहतो. रिसीव्हर जागेवर थांबून वाट बघत बसला, तर कॉर्नरबॅक (टोकाचा बचावपटू) पुढे घुसून तो उचलतो. चेंडूकडे परत धावत यावंच लागतं. सीमारेषेवर मात्र एक पाय आत असला तरी झेल वैध, एनएफएलमध्ये दोन लागतात.

या सगळ्याचा पुरावा म्हणजे सायमनची कारकीर्द. मेरीलँड विद्यापीठातून आलेला हा खेळाडू एनएफएलचा एकही नियमित सामना खेळला नाही. १९९९ ते २००० विनिपेग, २००१ ते २०१२ बीसी लायन्स, २०१३ मध्ये सस्कॅचवान. १,०२९ झेल, १६,३५२ यार्ड, १०३ टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण), आणि २००६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २०१२ मध्ये त्याने मिल्ट स्टीगलचा १५,१५३ यार्डांचा विक्रम मागे टाकला. स्टीगल जास्त घातक होता, हे मी बिनदिक्कत मान्य करतो: १४७ टचडाउन, प्रत्येक झेलामागे १७ यार्डांहून अधिक. तरीही शिकायचं असेल तर मी सायमन बघायला सांगेन. पंधरा हंगाम नुसत्या वेगावर निघत नाहीत, वय वाढलं की पाय मंदावतातच. सुटण्याची वेळ अचूक असली तर मात्र तिशीनंतरही हाफबॅकला गाठता येतं. ३८ व्या वर्षी, २०१३ च्या ग्रे कपमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, रेजायनाच्या घरच्या प्रेक्षकांसमोर त्याने सस्कॅचवानसाठी दोन टचडाउन झेलले.

म्हणूनच २०२५ मध्ये लीगने जाहीर केलेले बदल मला खटकतात. २०२७ पासून मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचं, एंड झोन (गोलरेषेमागची पट्टी) २० ऐवजी १५ यार्डांचा. वॅगल राहतोय, रुंदीही तीच, हे मान्य. गोलपोस्ट मागे जाणार हेही चांगलंच, धावताना खांब आडवा येणार नाही. पण गोलरेषेजवळ मागे २० यार्ड मोकळे असतात म्हणूनच बचावपटू आधीपासून मागे सरकतो आणि स्लॉटबॅकला त्याच्या पुढ्यात वळायला जागा मिळते. त्या जागेतले ५ यार्ड कापणं मला अजिबात पटलेलं नाही.