मोमेंट ऑफ इनर्शिया स्केलरच ना? लातूरच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

रामराम सर,

मी आधी लिहिलं होतं की मोमेंट ऑफ इनर्शिया (वस्तू फिरवायला होणारा विरोध) हा खरं तर टेन्सर, म्हणजे आकड्यांचा तक्ता आहे. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तो स्केलर आहे (दिशा नसलेला नुसता एक आकडा), टॉर्क (फिरवणारा जोर) म्हणजे आय अल्फा (मोमेंट ऑफ इनर्शिया गुणिले कोनीय त्वरण), विषय संपला. टेन्सर काढून मी नीट-जेईईच्या लेकरांना उगाच घाबरवतोय. वर 'कोन हा व्हेक्टर (दिशा असलेली राशी) नाही' असं लिहून उजव्या हाताच्या नियमालाच (बोटं फिरण्याच्या दिशेने वळवा, अंगठा अक्षाची दिशा दाखवतो) सुरुंग लावतोय.

परीक्षेपुरतं तुमचं खरं आहे. अक्ष पक्का ठरलेला असेल आणि हिशेब त्याच अक्षाभोवतीचा असेल तर एक आकडा पुरतो. पण तो आकडा एकट्या वस्तूचा नसतो, वस्तू आणि अक्ष या जोडीचा असतो. 5 किलोचा दगड कसाही धरा, 5 किलोच भरतो. मोमेंट ऑफ इनर्शिया मात्र अक्ष बदलला की बदलतो. एका बिंदूतून जाणारा कुठलाही अक्ष घेतला तरी उत्तर निघावं, तर 6 आकडे लागतात. टेन्सर तो हाच.

आता आपल्याकडचंच घ्या. सोयाबीनच्या सुगीत हडंब्याचा (मळणी यंत्राचा) ड्रम थरथरायला लागला की मिस्त्री पट्टा काढून ड्रम हाताने फिरवून बघतो. कुठेही सोडा, तिथेच थांबतो. जड बाजू खाली येत नाही. म्हणजे बॅलन्स आहे! पट्टा चढवला की थरथर पुन्हा सुरू.

समजा, ड्रमच्या मध्यापासून एका टोकाकडे 40 सेंमीवर, वरच्या अंगाला, 200 ग्रॅम लोखंड जास्तीचं आहे. दुसऱ्या टोकाकडे तेवढ्याच अंतरावर, खालच्या अंगाला, तेवढंच. शाफ्टपासून दोन्ही 25 सेंमी. वजनाचा मध्य शाफ्टवरच पडतो, म्हणून हाताला काही कळत नाही. पण 600 आरपीएमला प्रत्येक तुकडा सुमारे 197 न्यूटनने बाहेर ओढतो, एक इकडे, एक तिकडे, मध्ये 80 सेंमी. झाला 158 न्यूटन-मीटरचा टॉर्क. बेअरिंगांत 1 मीटर अंतर असेल तर प्रत्येकावर सुमारे 16 किलोचा भार, आणि त्याची दिशा सेकंदाला 10 वेळा गरगर फिरणारी. बेअरिंग उडणार नाही तर काय होईल?

तुमच्या आय अल्फात हा टॉर्क दाखवा, सर. वेग स्थिर आहे, अल्फा शून्य, मग टॉर्कही शून्यच यायला हवा. तो येतो टेन्सरच्या तक्त्यातल्या कर्णाबाहेरच्या घटकातून: इथे 0.04 किग्रॅ-मी², गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. कोनीय वेग शाफ्टच्या दिशेने आहे, पण कोनीय संवेग (टेन्सर गुणिले कोनीय वेग) तिरपा. तो शाफ्टभोवती शंकू काढत फिरतो आणि त्याला फिरवत ठेवायचं ओझं बेअरिंगांवर येतं. लांब रोटर बॅलन्सिंग मशीनवर चढवला की वजन दोन प्रतलांत दुरुस्त करतात, ते यासाठीच.

आणि हे मी पदरचं सांगत नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात, रोटेशनच्या प्रकरणातच लिहिलंय की वस्तू अक्षाभोवती सममित नसेल तर कोनीय संवेग अक्षाच्या दिशेने नसतो. क्लासमध्ये ते वाक्य गाळलं जातं, कारण त्यावर प्रश्न येत नाही. चकती, गोल, दांडी असल्या गुणी वस्तूंवरच सगळी गणितं, मग शंका यावी तरी कुठून?

आता कोनाचं. वही टेबलावर ठेवा, मुखपृष्ठ वर, वरची कड तुमच्यापासून लांब. लांबची कड उचलून वही उभी करा, मग उभ्या अक्षाभोवती घड्याळाच्या काट्यासारखी 90 अंश फिरवा. मुखपृष्ठ डावीकडे गेलं. आता क्रम उलटा: आधी टेबलावरच 90 अंश फिरवा, मग लांबची कड उचला. मुखपृष्ठ तुमच्याकडे, पाठीची शिवण वर. व्हेक्टरची बेरीज क्रमाने बदलत नाही, ही बदलली.

उजव्या हाताचा नियम तरीही शाबूत आहे. तीच वही 90 ऐवजी 1-1 अंश फिरवली तर दोन क्रमांतला फरक अंशाच्या 1/57 एवढाच उरतो, कारण फरक कोनाच्या वर्गाने घटतो. कोन शून्याकडे नेला की तो हिशेबातच राहत नाही. म्हणून मोठा कोन व्हेक्टर नाही, पण कोनीय वेग आहे.