नुसता पासवर्ड बदलून काही होत नाही हो!

कुणाचं सोशल मीडिया अकाउंट चोरीला गेलं की पहिला सल्ला ठरलेला: "पासवर्ड मजबूत ठेवायचा ना!" संताप येतो हे वाचून. चोर सोडून संन्याशाला फाशी. पासवर्ड वीस अक्षरांचा असला तरी ज्या दोन वाटांनी आज ढिगाने अकाउंटं जातात, तिथे तो विचारलाच जात नाही.

पहिली वाट कोडची. मित्राच्या अकाउंटवरून मेसेज येतो, "अरे, चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड गेलाय, पाठव पटकन." ते अकाउंट आधीच चोराच्या हातात गेलेलं असतं. त्याने तुमचं नाव टाकून 'पासवर्ड विसरलो' दाबलेलं असतं आणि तो कोड तुमच्याच दाराची किल्ली असते. कोड दिला की पुढचं सगळं काही मिनिटांत उरकतं. ई-मेल बदलला, तुमचा नंबर काढून स्वतःचा घातला, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट केलं, आणि शेवटी स्वतःच्या फोनवर टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा पुरावा) चालू करून बॅकअप कोडही (तो पुरावा हाताशी नसला तर वापरायचे राखीव कोड) उतरवून घेतले. आता तुमच्यासाठी बनवलेलं कुलूप चोराची राखण करतंय!

माझा राग इथे आहे. नवीन डिव्हाइस, आणि दहा मिनिटांत ई-मेल, नंबर, टू-फॅक्टर तिन्ही बदललं. याहून स्पष्ट चोरी ती काय? हे बदल एक-दोन दिवस रोखून धरायला आणि जुन्या ई-मेलवर, जुन्या नंबरवर होकार मागायला काय अडतं? जमत नाही असं कुणी सांगू नये. जानेवारी २०२४ पासून आयफोनमध्ये अशी सोय आहे: ती चालू ठेवली तर फोन अनोळखी जागी असताना ॲपल अकाउंटचा पासवर्ड बदलायला एक तास थांबावं लागतं. बहुतेक सोशल साइट्स मात्र जुन्या पत्त्यावर 'ई-मेल बदलला' एवढा एक मेल टाकून मोकळ्या होतात. त्यात बदल मागे घेण्याची लिंक असली तर आधी तीच वापरा, कारण तिला मुदत असते. तेवढ्यात चोराने मेलबॉक्समध्येही शिरून तो मेल उडवला असेल, तर संपलं.

दुसरी वाट सेशन कुकीची. फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा जाहिरातीच्या कामाची म्हणून आलेली फाइल उघडली की आतला मालवेअर (चोरटा प्रोग्राम) ब्राउझरमधल्या कुकीज उचलून नेतो. कुकी म्हणजे 'हा माणूस आधीच लॉगिन झालाय' याचा पुरावा. तो दाखवला की ना पासवर्ड, ना ओटीपी. काही साइट्सवर पासवर्ड बदलला तरी जुनी सेशन्स (आधीची उघडी लॉगिन्स) जिवंतच राहतात. 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' वेगळं दाबावं लागतं आणि ते बटण सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. मालवेअर त्याच कॉम्प्युटरवर बसलेला असेल तर नवा पासवर्डही त्याच्याच खिशात जातो.

एसएमएसच्या ओटीपीची कथा तर चीड आणणारी. ऑगस्ट २०१९मध्ये ट्विटरच्या तेव्हाच्या प्रमुखाचं, जॅक डॉर्सीचं, स्वतःचंच अकाउंट त्याचा मोबाइल नंबर पळवून (नंबर चोराच्या ताब्यात गेला की त्यावरचे एसएमएसही त्याचेच) वापरलं गेलं. म्हणजे एसएमएस कच्चा आहे हे त्यांना घरातूनच कळलं होतं. तरी २०२३मध्ये केलं काय? पैसे भरतील त्यांनाच एसएमएस टू-फॅक्टर, बाकीच्यांचं २० मार्चनंतर बंद. कोड दाखवणाऱ्या ॲपचा पर्याय फुकट होता, पण जे तिकडे वळले नाहीत त्यांचं कच्चं का होईना, दुसरं कुलूप काढून घेतलं!

तक्रार करायला जा, तर फॉर्म म्हणतो आधी लॉगिन करा. नाहीतर कोड पाठवतो, चोराने घातलेल्या ई-मेलवर. मित्रांनी रिपोर्ट केलं तर 'नियमांचं उल्लंघन आढळलं नाही'. आणि 'माझं अकाउंट हॅक झालं' असं उघड लिहिलंत की बॉट (आपोआप चालणारी बनावट अकाउंटं) तुटून पडतात: अमुक तज्ज्ञाने माझं परत मिळवून दिलं, त्याला मेसेज करा. तो पैसे उकळणारा दुसरा चोर. उत्तरसुद्धा देऊ नका.

कामाचा क्रम असा. आधी स्वच्छ डिव्हाइसवरून ई-मेल अकाउंट सांभाळा, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. त्यातले फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. चोर 'सिक्युरिटी' शब्द असलेले मेल थेट कचऱ्यात जातील असा नियम लावून ठेवतो. मग सोशल अकाउंटवरची सगळी सेशन्स तोडा, पासवर्ड बदला, जोडलेली अनोळखी ॲप्स काढा. टू-फॅक्टरला ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड बनवणारं) घ्या, बॅकअप कोड कागदावर लिहा. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनेच होणारं लॉगिन) मिळत असेल तर सर्वांत उत्तम: ती साइटच्या खऱ्या पत्त्यालाच, म्हणजे डोमेनलाच, बांधलेली असते, बनावट पानावर चालतच नाही. पण मागे एसएमएसने रिकव्हरी उघडी ठेवलीत तर चोर त्याच दाराने येणार.

आणि हे सगळं करण्याआधी यादीतल्या माणसांना फोन करा. मेसेज नाही, फोन. कारण पुढचा सहा आकडी कोड त्यांच्या नंबरवर येणार आहे, आणि तो तुमच्या नावाने मागितला जाणार आहे.