जनधन खात्यातले ‘सरकारी’ दहा हजार: फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

जनधन खात्याबद्दलचा एक संदेश दर काही महिन्यांनी गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत नव्याने फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच राहतो. खात्यात एक रुपयाही नसला तरी सरकारकडून १०,००० रुपये मिळतात. रुपे कार्ड एटीएममध्ये घालायचे आणि काढायचे, परत करायची गरज नाही, बँकेला नकार देता येत नाही. कार्ड आहे म्हणजे २ लाखांचा विमाही आहेच, आणि शून्य शिल्लकेचे खाते असल्याने त्यावर कधीच शुल्क लागत नाही. हल्ली शेवटी आणखी एक ओळ जोडलेली असते: खात्यात ५०,००० च्या वर रक्कम गेली की खाते गोठते, म्हणून आधीच काढून घ्या.

यातली जवळजवळ प्रत्येक ओळ एखाद्या खऱ्या नियमापासून निघते आणि अर्ध्यात भलतीकडे वळते. त्यामुळे ‘सगळे खोटे आहे’ एवढे सांगून भागत नाही. खरा भाग कुठे संपतो ते दाखवावे लागते, कारण त्या खऱ्या भागात लोकांच्या हक्काच्या गोष्टी आहेत.

“सरकार १०,००० रुपये देते, परत करायचे नसतात”

ही रक्कम म्हणजे ओव्हरड्राफ्ट, म्हणजे बँकेचे कर्ज. प्रधानमंत्री जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली तेव्हा त्याची कमाल मर्यादा ५,००० रुपये होती. २०१८ मध्ये ती १०,००० झाली आणि वयाची अट १८ ते ६० ऐवजी १८ ते ६५ झाली. त्यातल्या २,००० रुपयांपर्यंतच्या ओव्हरड्राफ्टला पात्रतेच्या अटी लागत नाहीत. संदेशात हा २,००० चा आकडा कधीच नसतो.

गैरसमजाचे मूळ बहुधा २०२० मध्ये आहे. टाळेबंदीत केंद्राने महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने प्रत्येकी ५०० रुपये जमा केले. ते खरोखर अनुदान होते, परत करायचे नव्हते. ओव्हरड्राफ्टचा त्याच्याशी संबंध नाही. इथे पैसा बँकेचा असतो आणि वापरलेल्या रकमेवर, जितके दिवस वापरली तितक्या दिवसांचे व्याज लागते. दर बँकेगणिक वेगळा. समजा १२ टक्के धरला आणि ५,००० रुपये ६० दिवस वापरले, तर व्याज साधारण ९९ रुपये होते. सावकाराच्या किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या तुलनेत हे स्वस्त आहे, आणि अडीअडचणीला घ्यावे असेच आहे. फक्त कर्ज समजून घ्यावे.

रक्कम वापरली की पासबुकात शिल्लकेच्या आकड्यापुढे ‘सीआर’ऐवजी ‘डीआर’ दिसते. म्हणजे तेवढे देणे आहे. त्यानंतर खात्यात जे काही जमा होईल ते आधी त्या देण्यातून वजा होते. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये त्याच खात्यात येत असतील आणि खाते ४,००० रुपये ‘डीआर’ असेल, तर हप्ता आल्यावर ते २,५०० ‘डीआर’ होईल (व्याज वेगळे). हातात पैसे हवे असतील तर मर्यादेत जागा झाली तेवढेच काढता येतील. “हप्ता आला पण बँकेने कापला” अशा तक्रारीमागे बरेचदा हेच कारण असते. ज्या घराचा महिना या हप्त्यावर चालतो, तिथे हा हिशेब आधी मांडून मगच ओव्हरड्राफ्ट घ्यावा.

परत केलेच नाही तर? खात्यात सलग ९० दिवस काही जमा झाले नाही, किंवा जमा रक्कम त्या काळातले व्याज भागवण्याइतकीही नसली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते कर्ज थकीत धरले जाते. थकबाकीची नोंद क्रेडिट माहिती कंपन्यांकडे जाते. पुढे बचत गटातून बँकेचे कर्ज, दुचाकीचे कर्ज किंवा पीक कर्ज मागायला गेल्यावर ही दोन-चार हजारांची नोंद आडवी येते.

“शिल्लक शून्य असली तरी पूर्ण १०,००० मिळतात”

१०,००० ही कमाल मर्यादा आहे. २,००० च्या वरच्या रकमेसाठी बँका तीन आकडे काढतात आणि त्यातला सर्वांत लहान मंजूर करतात: खात्यातल्या सरासरी मासिक शिल्लकेच्या चौपट; मागच्या सहा महिन्यांत जमा झालेल्या एकूण रकमेच्या निम्मे; आणि १०,०००.

एका बाईच्या खात्यात सहा महिने दरमहा १,५०० रुपये आले. एकूण ९,०००, निम्मे ४,५००. तिने दर महिन्याला थोडे मागे ठेवले आणि सरासरी शिल्लक ८०० राहिली, तर चौपट ३,२००. म्हणून तिची मर्यादा ३,२००. तेवढेच पैसे येणाऱ्या शेजारणीने हप्ता आला त्याच दिवशी सगळा काढला आणि सरासरी १०० रुपये राहिली, तर चौपट होते ४००. तिला विनाअट २,००० पुरतेच जाता येईल. म्हणजे संदेशात ‘शून्य शिल्लक’ हाच फायदा म्हणून सांगितला आहे, आणि प्रत्यक्षात मर्यादा खाली आणणारी गोष्ट तीच आहे. ज्यांना सहा महिन्यांनी जास्त मर्यादा हवी आहे त्यांनी आजपासून खात्यात चार-पाचशे रुपये जरी कायम ठेवले, तरी फरक पडतो.

“बँकेला नकार देता येत नाही”

देता येतो. खाते किमान सहा महिने नीट चालवलेले असावे लागते, त्याला आधार जोडलेले लागते, आणि एका घरात एकालाच, शक्यतो घरातल्या बाईला, ही सवलत मिळते. किसान क्रेडिट कार्डाचे कर्ज असलेल्याला किंवा अज्ञान (१८ वर्षांखालील) खातेदाराला ती नाही. दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्यावर तोच लाभ घेतला असेल तरीही नाही.

याहून मोठी अडचण अशी की शून्य शिल्लकेचे प्रत्येक खाते जनधनचे नसते. मूलभूत बचत खाते कोणत्याही बँकेत, कोणालाही उघडता येते. जनधन खाते त्यातलाच एक प्रकार. गावात पोस्टमनकडे अंगठा देऊन उघडलेले इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते तर ओव्हरड्राफ्टच्या कामाचेच नाही, कारण पेमेंट्स बँकांना कर्ज द्यायची परवानगीच नाही. लाडकी बहीणसाठी अनेकींनी अशीच खाती उघडली आहेत. त्यांनी ओव्हरड्राफ्टसाठी फेऱ्या मारू नयेत. आपले खाते कोणत्या योजनेखाली आहे हे पासबुकाच्या पहिल्या पानावर नसेल तर शाखेत विचारावे.

“रुपे कार्ड एटीएममध्ये घाला आणि काढा”

मर्यादा मंजूर होऊन बँकेच्या संगणकात खात्यावर चढल्याशिवाय एटीएम ‘अपुरी शिल्लक’ एवढेच सांगेल. कितीदाही घाला.

मात्र इथे संदेशातला एक धागा खरा आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज किंवा कॅश क्रेडिट खात्यावर डेबिट कार्ड देता येत नाही. जनधनचा ओव्हरड्राफ्ट याला स्पष्ट अपवाद आहे, तो कार्डाला जोडता येतो. एप्रिल २०२० मध्ये वैयक्तिक ओव्हरड्राफ्ट खात्यांवर इलेक्ट्रॉनिक कार्ड द्यायला परवानगी मिळाली, तीही देशांतर्गत आणि बिनरोख व्यवहारांपुरती. रोख काढण्यावरची ही बंदीसुद्धा जनधनला लावलेली नाही. म्हणून मंजुरीनंतर त्याच रुपे कार्डाने रोख काढता येते. शाखेतला कोणी “ओडीवर (म्हणजे ओव्हरड्राफ्टवर) कार्ड चालत नाही” म्हणाला, तर तो इतर ओव्हरड्राफ्टचा नियम सांगतो आहे.

कार्ड मुळात हाताशी आहे का, हाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जनधन खाती ५६ कोटींच्या वर होती आणि दिलेली रुपे कार्डे सुमारे ३८ कोटी. ज्यांना कार्ड कधी मिळालेच नाही त्यांनी ते अर्ज करून मागावे. मूलभूत खात्याबरोबर कार्ड विनामूल्य देणे बँकेला बंधनकारक आहे.

या संदेशाच्या जोडीने होणारी फसवणूक गंभीर आहे. “दहा हजार चालू करून देतो” म्हणत कोणी यंत्रावर अंगठा घ्यायला आला, तर तो अंगठा आधारवरून पैसे काढण्यासाठीही लागतो. अशा एका व्यवहारात १०,००० पर्यंत रक्कम जाऊ शकते. ओव्हरड्राफ्टची मंजुरी शाखा देते. बँकमित्राला ती देता येत नाही, आणि अनोळखी माणसाचा तर प्रश्नच नाही. अंगठा दिलाच तर पडद्यावरची रक्कम वाचा, पावती घ्या. एमआधार अॅपमधून बोटांचे ठसे लॉक करून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा.

“कधीही, कसलेही शुल्क नाही”

किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड नाही, हे पक्के. पैसे भरण्यावरही मर्यादा नाही. काढण्याचे मात्र महिन्याला किमान चार व्यवहारच मोफत देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि त्या चारात एटीएम धरलेले आहे. साध्या बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर मिळणारे पाच मोफत व्यवहार या खात्याला लागू नाहीत. काही बँका चारहून जास्त देतात, काही पाचव्याला शुल्क लावतात. दोनशे-तीनशे करून काढण्यापेक्षा महिन्याचे दोन किंवा तीन वेळांत काढलेले बरे.

पूर्वी याहून वाईट चालत असे. एक मोठी सरकारी बँक अशा खात्यांवर चारनंतरच्या प्रत्येक व्यवहाराला, त्यात यूपीआय आणि रुपेचे बिनरोख व्यवहारही आले, १७.७० रुपये कापत होती. आयआयटी मुंबईचे प्रा. आशीष दास यांनी आपल्या अभ्यासांतून हे सातत्याने पुढे आणले. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करायला बँकांना सांगितले.

डिसेंबर २०२५ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी हे आणखी स्पष्ट केले आहे. १ एप्रिल २०२६ पासून यूपीआय, एनईएफटी, आयएमपीएस आणि दुकानात कार्ड चालवणे हे चारच्या मोजणीत धरायचे नाही. वार्षिक शुल्काविना कार्ड, वर्षाला किमान २५ पानांचे चेकबुक, मोबाइल आणि इंटरनेट बँकिंग हे सगळे मागितल्यास विनामूल्य द्यायचे आहे. चेकबुक मागितले म्हणून “मग तुमचे खाते साधे करावे लागेल” असे कोणी म्हटले, तर ते चूक आहे. हरवलेल्या कार्डाच्या जागी दुसरे घेण्याचे शुल्क मात्र बँकेच्या शुल्कतक्त्यात बघून घ्यावे.

“कार्ड आहे म्हणजे २ लाखांचा विमा आहेच”

हा अपघात विमा आहे, आणि २ लाख हा आकडा २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी. त्याआधीच्या खात्यांना १ लाख. शिवाय अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डधारकाने किमान एक यशस्वी व्यवहार केलेला असावा लागतो. पैसे काढलेच पाहिजेत असे नाही, एटीएमवर शिल्लक पाहिली तरी चालते. कपाटात पडून राहिलेल्या कार्डावर दावा नाकारला जातो, आणि तेव्हा घरच्यांच्या हातात करण्यासारखे काही उरत नाही. दोन महिन्यांतून एकदा कार्ड वापरा. एक मिनिटाचे काम आहे. खात्यातून दरवर्षी कापले जाणारे २० आणि ४३६ रुपये या विम्याचे नाहीत. ते सुरक्षा विमा आणि जीवनज्योती या वेगळ्या योजनांचे हप्ते आहेत, आणि संमती दिलेली असेल तरच कापले जावेत.

“५०,००० च्या वर गेले की खाते गोठते”

हा नियम ‘छोट्या खात्या’चा आहे. ओळखीचा अधिकृत कागद नसताना केवळ फोटो आणि सही किंवा अंगठ्यावर उघडलेल्या खात्याचा. त्यात कधीही ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक नको, वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा नको, आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाही. आधार देऊन पूर्ण केवायसी (ओळखीची पडताळणी) झालेल्या जनधन खात्याला यातली एकही मर्यादा नाही. २०१४-१५ मध्ये घाईत उघडलेली काही खाती अजून छोटी म्हणूनच नोंदलेली असू शकतात. मोठी रक्कम जमा होताना अडली तर आधी हेच तपासा. शाखेत केवायसी पूर्ण केली की अडचण सुटते. पैसे काढून घरात ठेवायची गरज नाही.

ओव्हरड्राफ्ट हवाच असेल तर खाते आहे त्याच शाखेत पासबुक, आधार आणि पॅन (नसल्यास फॉर्म ६०) घेऊन लेखी अर्ज द्यावा. घरात दुसऱ्या कोणी ही सवलत घेतलेली नाही असे त्यात लिहून द्यावे आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. मंजूर मर्यादा, व्याजदर आणि मुदत तिथेच विचारून घ्यावी. अर्जच घेत नसतील किंवा चुकीचे शुल्क कापले असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. कापलेले शुल्क परत मिळवण्यासाठी ही वाट उपयोगी आहे, पण कर्ज मंजूर करा असा आदेश लोकपालाकडून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. जनधन योजनेची चौकशी १८०० ११ ०००१ या मोफत क्रमांकावर करता येते.