सॅलड बार निवडताना आयटम मोजू नका, ट्रे बघा

सॅलड बार म्हणजे ट्रेंमधून आपणच सॅलड वाढून घ्यायचा काउंटर. जास्त आयटम म्हणजे चांगला सॅलड बार, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. पन्नास आयटम म्हणजे पन्नास ट्रे, आणि प्रत्येक ट्रे संपायला गिऱ्हाईक लागतं. गर्दी बेताची असेल तर त्यातले निम्मे ट्रे दुपारपासून हललेलेच नसतात. त्यापेक्षा वीस-बावीसच जिन्नस असावेत, पण सतत बदलले जावेत.

रात्रीच्या जेवणासाठी तर हे जास्तच खरं. मोठ्या शहरातले बरेच सॅलड बार ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीवर चालतात. दुपारी तिथे माल भराभर उठतो, संध्याकाळी तो भाग ओस पडतो. म्हणजे दुपारी अप्रतिम असलेली जागा रात्री साफ फसवू शकते. रात्रीसाठी जागा शोधायची तर नाट्यगृहं, हॉटेलं, वस्ती असा संध्याकाळी गजबजलेला भाग धरा. नाहीतर जिथे सॅलड काउंटर रात्रीच्या जेवणाचाच भाग असतो अशी रेस्टॉरंट बघा, उदाहरणार्थ स्टेकहाऊस, म्हणजे भाजलेल्या मांसासाठी प्रसिद्ध रेस्टॉरंट. तिथला काउंटर संध्याकाळसाठी नव्याने लागण्याची शक्यता जास्त.

मॅपवर शोधताना मालकाने टाकलेले फोटो बघूच नका. गेल्या दोन-तीन महिन्यांतले गिऱ्हाइकांचे फोटो उघडा आणि त्यातले रात्रीचे निवडा. मागच्या खिडकीतला अंधार पुरेसा पुरावा आहे. रिव्ह्यूमध्ये ‘व्हरायटी’चं कौतुक सोडून द्या, तक्रारी वाचा. ‘नऊ वाजता निम्मे ट्रे रिकामे होते’ ही तक्रार मला तरी फारशी वाईट वाटत नाही, माल संपतोय एवढाच त्याचा अर्थ. ‘पानं लिबलिबीत होती’ असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर मात्र तिथे फिरकू नका.

मग फोन करा, दुपारी चार-पाचच्या सुमारास, किचन निवांत असताना. ‘दुपारचं उरलेलं रात्री ठेवता का?’ असं विचारलंत तर खरं उत्तर कोण देणार? त्याऐवजी रात्रीचा काउंटर किती वाजता लागतो, पानं कधी चिरता आणि शेवटचे ट्रे किती वाजता बदलता, एवढंच विचारा. काउंटर लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोचलेलं उत्तम. आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते: थंड काउंटर पदार्थ गार ठेवण्यासाठी असतो, गार करण्यासाठी नाही. किचनमधून कोमट आलेला पास्ता तिथे तासभर ठेवला तरी कोमटच राहतो.

पोचल्यावर लगेच प्लेट उचलू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. ट्रे भरायला माणूस आला की तो काय करतो? जुना ट्रे उचलून नेतो आणि नवा बसवतो, की नवा माल जुन्यावर ओततो? वरून ओतणाऱ्या ठिकाणी तळातला थर दिवसभर तिथेच मुरत असतो. माझ्या मते संपूर्ण सॅलड बारची परीक्षा या एका हालचालीत होते.

आता ट्रेकडे जवळून बघा. व्यावसायिक किचनमधला पूर्ण मापाचा ट्रे ५३० बाय ३२५ मिलिमीटरचा असतो, बाकीचे त्याचेच अर्धे, तिसरे, सहावे भाग. खोली साधारण ६५, १०० किंवा १५० मिलिमीटर. छोटे आणि उथळ ट्रे दिसले की समजा, इथे माल बदलायची सवय आहे. गारवा खालून आणि बाजूंनी येतो, त्यामुळे काठाच्या वर रचलेल्या डोंगराला तो मिळतच नाही. डोंगर बघून मन भरतं खरं, पण आपण वाढून घेतो तो वरचाच थर, म्हणजे सगळ्यात कमी गार. बर्फावरचा काउंटर असेल तर ट्रे बर्फात रुतलेला हवा, बर्फ आतल्या पदार्थाच्या पातळीपर्यंत हवा. ट्रे पाण्यावर तरंगत असेल तर परत फिरा.

ही नुसती टापटीप नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून थंड पदार्थ ५ अंशांच्या खालीच हवेत. चिरलेल्या पानांनाही हेच लागू. अमेरिकेच्या फूड कोडने, म्हणजे तिथल्या अन्नसुरक्षेच्या नमुना नियमावलीने, २००९ मध्ये ती गार ठेवणं सक्तीच्या यादीत घातली. पान चिरलं की कडेतून रस सुटतो आणि जिवाणूंची सोय होते.

कडा किंचित तांबूस झालेल्या पानांना घाबरू नका, चिरल्यावर ते होणारच. तासन् तास उघड्यावर राहूनही जराही न बदललेली पानं मला जास्त खटकतात. एके काळी अमेरिकेत सॅलड बारवरची पानं टवटवीत दिसावीत म्हणून त्यांना सल्फाइट हे रसायन लावत. दम्याच्या रुग्णांना झटके येऊ लागले, काही दगावले, आणि १९८६ मध्ये कच्च्या भाज्या-फळांवर सल्फाइट वापरायला बंदी आली. वाईट खूण वेगळीच: ट्रेच्या तळाशी साचलेलं पाणी आणि चिमट्याला चिकटणारी पानं. धुऊन नीट न निथळलेल्या पानांवर ड्रेसिंग टिकत नाही, सगळं प्लेटच्या तळाशी जातं.

मेयोनीजला उगाच बदनाम केलंय. बाजारी मेयोनीज आंबट असतं, त्यात जिवाणू सहसा तग धरत नाहीत. भानगड असते त्यात कालवलेल्या चिकन, बटाटा, अंड्याची. शिजवलेला भात आणि पास्ता सावकाश गार केला तर बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो, आणि त्याचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. कच्चे मोड मी सॅलड बारवर घ्यायला सांगणारच नाही. बियांतच जिवाणू असले तर मोड आणायची ऊब आणि ओल त्यांनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक लोक गेले. तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला.

काउंटरवर काच हवी, आणि जवळ लक्ष ठेवणारा माणूसही हवा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या द डॅलेस गावात रजनीशांच्या काही अनुयायांनी दहा रेस्टॉरंटच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला हा जिवाणू मिसळला आणि ७५१ लोक आजारी पडले. इतकं टोकाचं रोज घडत नाही, पण शेंगदाण्यातला चमचा मक्यात जाणं रोज घडतं. ज्यांना दाण्यांची ॲलर्जी आहे त्यांनी किचनमधून वेगळं वाढून मागावं. प्रत्येक ट्रेला स्वतःचा चमचा, त्याचा दांडा बाहेर. आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना नवी प्लेट.

रात्रीच्या जेवणाला नुसती पानं पुरत नाहीत, दोन तासांत पुन्हा भूक लागते. अर्धी प्लेट पानं, पाव प्लेट राजमा, छोले, अंडं किंवा चिकन, उरलेल्यात बाकीच्या भाज्या. ड्रेसिंग शेवटी आणि वाटीत वेगळं. तिथली पळी ३० मिलीची आहे की ६० ची ते बघा, कारण १५ मिली तेलातच १२० कॅलरी असतात आणि क्रीमच्या ड्रेसिंगच्या तीन पळ्या हा हा म्हणता पडतात. अजिबात तेल नको हा हट्टही नको, गाजर-टोमॅटोतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी लागतेच. वजनावर पैसे घेणाऱ्या ठिकाणी काकडी, कलिंगड आणि रसात बुडालेलं बीट सोडा, त्यात तुम्ही पाण्याचेच पैसे देता. पानं, बिया, चीज घ्या. कितीही खा असं असेल तर हा हिशेब गुंडाळून ठेवा.

पोचायला उशीर झाला आणि काउंटर अर्ध्या तासात बंद होणार असेल, तर तिकडे वळूच नका. मेन्यूतलं सॅलड मागवा, ड्रेसिंग वेगळं द्यायला सांगा; ते आतल्या फ्रिजमधल्या पानांचं असतं.