लाईट, लू आणि तांबे

मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४५ ओलांडतो आणि रात्रीची जेवणं आटोपली रे आटोपली की लाईट जाते. इन्व्हर्टर तासभर इमान राखतो, मग तोही कण्हायला लागतो. तक्रारीच्या नंबरावर ठरलेलं उत्तर: "भाईसाब, फॉल्ट है, लाइनमन निकल गया है।" तो निघतो कुठून आणि पोचतो कुठे, देव जाणे.

अशा वेळी कुणी रामाचं नाव घेतं, कुणी वीजवाल्यांच्या मातोश्रींचं. आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागातली मराठी माणसं; आमचा हक्काचा आधार भा. रा. तांबे. ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी, १९४१ साली इथेच वारले. इथले उन्हाळे त्यांनी इन्व्हर्टरविना काढले, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे.

गच्चीवर चटई टाकून मी सुरू केलं, 'जन पळभर म्हणतील हाय हाय'. सुरुवात चपखल, कारण खाली अख्खी गल्ली तेच म्हणत होती. 'मी जाता राहील कार्य काय?' असं आर्त स्वरात विचारलं, तर बायको कूस बदलत म्हणाली, "बिल भरायचं राहील. आणि कूलरची खस बदलायची." 'सूर्य तळपतील' हे तर ग्वाल्हेरकरालाच सुचावं! 'असेच वारे पुढे वाहतील' म्हटलं की मात्र पोटात गोळा येतो. दुपारची लू, ती भाजून काढणारी गरम हवा, आठवते.

पण खरं सुख अडखळण्यात आहे. मेघ वर्षले, शेतं पिकली, नद्या गर्वाने वाहिल्या आणि पुढची ओळ काही केल्या आठवेना. पाठीवरचं घामोळं, कानाशी गुणगुणणारे डास, सकाळची ऑफिसातली मीटिंग, सगळं मागे पडलं. जिवाला घोर एकच: नद्यांनंतर काय?

"अहो, मावशींना विचारा ना. झोपल्या थोड्याच असतील!"

बायकोच्या मावशी शिंदे की छावनीत राहतात. तिथेही अंधारच, म्हणून पहिल्याच रिंगला फोन उचलला. 'कुणा काळजी की न उमटतील...' कडवं त्यांनी एका दमात पुरं केलं, मग पुढची कडवी, मग माझी चाल चुकते म्हणून शिकवणी. इकडे माझ्या फोनची बॅटरी शेवटचे आचके देत होती आणि चार्जिंगला लाईट नव्हती. मावशी ऐन तानेत असताना फोन मिटला.

सकाळी लाईट येण्याआधी बायकोच्या फोनवर निरोप आला: "जावईबापूंना सांग, कविता अर्ध्यावर तोडणाऱ्याला आमच्या वेळी मुलगी देत नसत."